ज्याला यायचं त्याने यावं

रविवार, ३ मार्च

आनंद झाला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास उतरत नाही, आणि वरच्या मजल्यावरची नर्सबाई नेमकी आज बहिणीकडे गेली आहे. भिंतीला सांगण्यापेक्षा वहीला सांगितलेलं बरं. माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण तेवढ्यात धाकटा भाऊ झाला आणि पाटीऐवजी तो कडेवर आला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासू नये.

बातमी अशी की आमची ठकी सुट्टीत येणार.

ठकी माझी नात. चार वर्षांची होती तेव्हा तिची आई तिला घेऊन आपल्या माहेरच्या देशात गेली. आता ती आठ वर्षांची आहे. तिच्या आईला मी अजून सूनच म्हणते. काडीमोड झाला तर नवऱ्याला ‘पहिला नवरा’ म्हणता येतं, सुनेला काय म्हणायचं? आपल्या भाषेत त्याला शब्द नाही, म्हणजे ते नातं तुटत नसणार. बाई वाईट नाही. माझ्या हातचं सूप तिला आवडायचं. दोघांचं पटलं नाही, इतकंच. इथल्या कोर्टाने सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी बापाकडे राहील. पण तिकडचं कोर्ट म्हणालं, तुमचा निकाल तुमच्या घरी. झालं, तेव्हापासून आमच्या वाट्याला रविवारचा फोन. दुधाची तहान ताकावर.

आता माझा मुलगा एका मोठ्या संघटनेत दुभाष्या आहे. वीस-बावीस देश एकत्र बसतात, प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलतो आणि हा काचेच्या खोलीत बसून ते आपल्या भाषेत सांगतो. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय तिथे पान हलत नाही, आणि एकमत व्हायचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. म्हणून यातले काही देश आता म्हणतायत, सगळ्यांची वाट कशाला बघायची, ज्याला यायचं त्याने यावं, आपण आपल्यापुरता करार करू. आणि करार कशाचा, तर मूल कधी कुणाकडे राहणार हे एका देशातल्या कोर्टाने सांगितलं की दुसऱ्याने ते मानायचं.

सकाळी त्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी पोळलेल्या जिभेने चहा तसाच गिळला. म्हटलं, “म्हणजे आपली ठकी?”

“आई, तो ऐच्छिक करार आहे.”

“ऐच्छिक म्हणजे?”

“म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याच्यापुरता.”

“मग झालं तर. ठकीची इच्छा आहेच की.”

तो ब्रेडला लोणी लावत राहिला. लावून झालं होतं तरी लावत होता. मग म्हणाला, “बघू.”

‘बघू’ म्हणजे होच. त्याचे वडीलही लग्नाच्या वेळी मला बघून ‘बघू’च म्हणाले होते.

दुपारी फोन झाला. ठकी आपली भाषा साफ विसरली आहे, त्यामुळे घरातही हाच दुभाष्या. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला, आम्ही दोघं दोन बाजूंना. मी खूप बोलले. ती शेवटी तीन शब्द बोलली, आणि हा म्हणाला, “ती म्हणते, आजी, तुझी फार आठवण येते, सुट्टी लागली की तुझ्या शेजारी झोपून गोष्टी ऐकणार आहे.” तीन शब्दांत एवढं बसतं. काय काटकसरीची भाषा आहे. मला एवढं सांगायचं तर अर्धा तास लागेल.

शनिवार, ९ मार्च

नर्सबाईला सांगितलं. ती म्हणाली, “संघटना एक आणि करार निम्म्यांचाच, असं कसं?” मी म्हटलं, “अगं, आपल्या तळघरातलं कपडे धुवायचं मशीन कसं आहे? इमारतीत बारा घरं, बैठका घेऊन घेऊन पाय दुखले, पण एकमत होईना. मग सातजणांनी मिळून बसवलं. ज्यांना हवं त्यांना किल्ली. उरलेल्यांना मनाई नाही, उद्या या, पण किल्ली घ्या आणि मग कपडे आणा.”

“म्हणजे तुमच्या सुनेच्या देशाने किल्ली घेतली का?”

“घेईलच.”

“घेतली का, विचारतेय मी.”

हिचं असंच. चाळीस वर्षं लोकांना सुया टोचल्या, आता निवृत्त झाली तरी सवय जात नाही.

ठकीचा पलंग माळ्यावरून काढला. फार आखूड आहे. मुलाला म्हटलं, नवा लागेल. तो म्हणाला, घाई नको. बापमाणसाला मुलगी किती वाढली ते कळत नाही. फ्रॉकचं कापड आणलं, निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. माप कुठून आणायचं? नर्सबाईच्या ओळखीची एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिला उभी करून माप घेतलं. तिला इतक्या गुदगुल्या झाल्या की छाती दोनदा मोजावी लागली.

रविवार, १७ मार्च

आज ठकीचा आवाज बसला होता. मी विचारलं, औषध घेतेस ना, वाफ घेतेस ना, केस ओले ठेवून झोपत नाहीस ना. तिने पुन्हा तेच तीन शब्द म्हटले. आता मला ते पाठ झाले आहेत. शेवटचा शब्द वर जातो, प्रश्न विचारल्यासारखा. मी मुलाला म्हटलं, “आठवण येते म्हणायला प्रश्न कसला?” तो म्हणाला, “त्यांच्याकडे लाडाने बोलताना आवाज असा वर जातो.”

गोड आहे. मी ते शब्द इथे आपल्या अक्षरांत उतरवायला गेले, पण आपल्या अक्षरांत ते बसेनात, म्हणून खोडले. तोंडाने मात्र बरोबर येतात. भांडी घासताना म्हणत असते. ठकी आली की दारातच म्हणणार आहे.

मंगळवार, २६ मार्च

फ्रॉक झाला. गळा जरा मोठा झालाय, पण मूल काय, भरेल.

मुलगा हल्ली ताटात चिवडत बसतो. मी म्हटलं, “करार कधी होणार?”

“पुढच्या महिन्यात बैठक आहे. प्रत्येक देश उभा राहून सांगेल, आम्ही येतो किंवा येत नाही.”

“मी येऊ का ऐकायला? लोकांना बसायला गॅलरी असते म्हणालास.”

“नको, कंटाळशील.”

“तुझ्या बारशापासून कंटाळतेच आहे. आणखी एक दिवस.”

“आई, नको म्हटलं ना.”

कधी असा तुटक बोलत नाही. पण मीही त्याचीच आई. त्याच्यासोबत काचेच्या खोलीत एक बाई असते. दोघं अर्ध्या-अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलतात, कारण त्याहून जास्त बोललं तर डोकं शिजतं म्हणे. ती एकदा घरी जेवायला आली होती, भली आहे. तिला फोन केला, म्हटलं, “मला पास मिळवून दे, याला सांगू नकोस. याचं तोंड बघायचंय मला, त्या देशाने हो म्हटल्यावर.”

 ती म्हणाली, “तुमची खात्री आहे?”

“अगं, माझी नात आहे.”

पास आला.

गुरुवार, ११ एप्रिल

आज जाऊन आले. अंगावरचा कोट न काढताच लिहितेय, अक्षर चुकलं तर चुकलं.

सभागृह म्हणजे नुसता गालिचा. पाऊल वाजत नाही, आपण आलो की नाही ते आपल्यालाच कळत नाही. गॅलरीत माझ्याशिवाय शाळेच्या सहलीतली मुलं होती, ती खुर्च्या फिरवत होती. मला कानात घालायचं यंत्र दिलं. समोर, वरच्या बाजूला काचेच्या खोल्यांची रांग, आणि तिसऱ्या खोलीत आमचे चिरंजीव, शर्टाच्या बाह्या दुमडून. त्याला मी दिसत नव्हते.

यंत्र कानाला लावलं आणि त्याचा आवाज थेट माझ्या डोक्यात. इतका स्वच्छ, इतका शांत. घरी बोलताना हा निम्मे शब्द मिशीत ठेवतो.

एकेक देश उठायचा. “आम्ही या करारात आनंदाने सहभागी होत आहोत,” असं माझा मुलगा म्हणायचा, आणि खाली टाळ्या. मीही वाजवायचे. नऊ देश असे झाले. काही म्हणाले, विचार करून सांगतो. मग अध्यक्षांनी सुनेच्या देशाचं नाव घेतलं. मी पुढे सरकून बसले.

एक पांढऱ्या केसांची बाई उठली. गोड चेहरा, अगदी कुणाची तरी आजी शोभावी अशी. ती बोलू लागली आणि माझ्या कानात मुलगा म्हणाला, “या कराराच्या हेतूबद्दल आम्हाला आदर आहे.”

काचेच्या खोलीत मला दिसलं, त्याच्या सोबतच्या बाईने पटकन हात पुढे करून त्याच्या समोरच्या बटणावर नेला. तिची पाळी यायला अजून अवकाश होता, पण तिला बोलायचं होतं वाटतं. याने तिचा हात बाजूला केला आणि मान हलवली. लहानपणापासून असाच, आपला डाव दुसऱ्याला द्यायचा नाही.

आणि म्हणाला, “मात्र आमच्या मुलांच्या भल्याचा निर्णय बाहेरच्या कोर्टाने घ्यावा, हे आम्हाला मान्य नाही. मूल जिथे वाढतं, तिथेच त्याचं घर असतं. म्हणून या घडीला आम्ही यात सहभागी होणार नाही.”

आवाज हलला नाही. एक शब्द अडला नाही. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, तोंडाला लावला नाही, तसाच खाली ठेवला आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाईचं शेवटचं वाक्य म्हणाला, “धन्यवाद, अध्यक्ष महोदय.”

मी यंत्र काढलं. मुलं खुर्च्या फिरवत होती. मी उठून घरी आले.

शुक्रवार, १२ एप्रिल

काल संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला वाढलं नाही. तो स्वतः घेऊ लागला तेव्हा म्हटलं, “मी ऐकलं सगळं.”

त्याचा डाव भांड्यातच राहिला. “तू आली होतीस?”

“तूच म्हणालास, आम्ही येणार नाही. तुझ्या तोंडाने. मूल जिथे वाढतं तिथेच त्याचं घर असतं म्हणे. पोटच्या पोरीबद्दल असं बोलवलं कसं तुला?”

“आई, ते मी नव्हतो बोलत. त्या बाई बोलत होत्या.”

“मग ‘त्या म्हणतात’ असं म्हणायचं. घरी म्हणतोस की. ‘ठकी म्हणते, आजी, आठवण येते.’ तिथे तोंड धरलं होतं का कुणी?”

“तिथे तशी पद्धत नाही. जो बोलतो तो ‘मी’ म्हणाला, तर मीही ‘मी’च म्हणायचं. मध्ये मी नसतोच. माझं मत, माझं मन, काही नाही. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही.”

“आणि ती जोडीदारीण बोलू बघत होती तर तिला बोलू द्यायचं.”

तो खाली बसला. म्हणाला, “तिला माहीत होतं काय येणार ते. मला वाचवत होती. मला वाटलं, हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकण्यापेक्षा मीच म्हणतो.”

मग मी वाढलं. दोघंही जेवलो नाही नीट. मी विचारलं, “तुलाही माहीत होतं?”

“महिनाभर. कागद आधी येतात आमच्याकडे.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू फ्रॉक शिवत होतीस.”

 नंतर म्हटलं, “त्यांचा देश परत येऊ शकतो ना? आपल्या मशीनसारखं?”

“येऊ शकतो. दार उघडं ठेवलंय. कधीही या.”

“कधीही म्हणजे ठकी केवढी झाल्यावर?”

त्याने नळ सोडला आणि ताटं धुवायला घेतली.

म्हणजे ऐच्छिकमधली इच्छा ठकीची नव्हतीच. देशाची. देशाला इच्छा असते हे मला ठाऊक नव्हतं. त्याला आठवण येत नाही, झोप मोडत नाही, मग इच्छा कुठून येते कोण जाणे.

रविवार, १४ एप्रिल

लिहू की नको असं झालं. लिहिते.

मी ठरवलं होतं, करार गेला चुलीत, ठकीला जे सांगायचं ते दारात न सांगता फोनवर सांगायचं. तिला तिच्या भाषेत. पाठ तर होतंच. मुलालाही नवल वाटेल, जरा हसेल म्हटलं, गुरुवारपासून हसला नाही.

फोन लागला. बापलेक दोन शब्द बोलले. मग मी फोन जवळ ओढला आणि म्हटले ते तीन शब्द, शेवटचा लाडाने वर नेऊन. अगदी तिच्यासारखे.

 मग ठकी एकच शब्द बोलली, आनंदाने बोलली, आणि फोन बंद झाला.

मी म्हटलं, “लाजली बघ.”

मुलाने दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले होते. म्हणाला, “आई, त्याचा अर्थ, ‘मी आता जाऊ?’”

मला आधी कळेना. म्हटलं, “कुणी?”

“ती विचारते दर वेळी. ‘मी आता जाऊ?’ आज तू तिला विचारलंस, ती हो म्हणाली.”

“आणि आठवण येते ते? माझ्या शेजारी झोपणार ते?”

त्याने हात काढले आणि टेबलावरचा फोन उपडा ठेवला. तिकडे सभागृहात एक शब्द इकडचा तिकडे करत नाही, आणि माझ्यासाठी तीन शब्दांची एवढी लांब वाक्यं केली. चार वर्षं. किती वेळ लागला असेल एकेक सुचायला. सुट्टीचं, गोष्टींचं, माझ्या निळ्या शालीचं.

मी रागावणार होते, पण राग आला नाही. म्हटलं, “आठ वर्षांचं पोर आहे. रविवारी दुपारी बाहेर मैत्रिणी खेळत असतील. तिला न कळणाऱ्या भाषेत एक बाई तिला वाफ घे, केस पूस सांगतेय. मी असते तर विचारलंही नसतं, पळाले असते. ती विचारते तरी. वळण चांगलं लावलंय सुनेने.”

“आई...”

“‘जा बाळा’ कसं म्हणतात त्यांच्याकडे?”

“कशाला?”

“ती विचारते आणि कुणी उत्तर देत नाही. तू मला गोष्टी सांगत बसतोस. पोर तिकडे ताटकळत असेल. मी सांगत जाईन, जा म्हणून.”

‘बाळा’ला त्यांच्याकडे तसा शब्द नाही म्हणाला. ‘जा’ला आहे. एकच अक्षर, पण घशातून काढायचं, खाकरल्यासारखं. माझ्याकडून त्याने ते पुष्कळदा म्हणवून घेतलं. शेवटी म्हणाला, “जमलं.” त्याचे डोळे लाल होते, पण हसला. माझं खाकरणं ऐकून कुणीही हसेल.

शनिवार, २० एप्रिल

फ्रॉक मापाच्या मुलीला दिला. तिला छान झाला. होणारच, तिच्याच मापाचा.

नर्सबाईने काही विचारलं नाही. नुसती येऊन बसली, माझं मनगट धरून नाडी बघितल्यासारखं केलं आणि गेली. पलंग परत माळ्यावर.

रविवार, २८ एप्रिल

मुलगा दोन दिवस बाहेरगावी गेला होता. करारात आलेल्या त्या नऊ देशांची पहिली बैठक. त्या देशांतली पोरं यंदा सुट्टीत आपल्या बापांकडे, आज्यांकडे जाणार, त्याचे नियम ठरवायचे होते. दुभाष्या हवाच. जाताना त्याचा शर्ट मी इस्त्री केला. जाऊ दे, कुणाची तरी ठकी पोचेल.

फोन कसा लावायचा ते तो दाखवून गेला होता. सांगून गेला, “नाही लावलास तरी चालेल, आई. ती समजून घेईल.” मी लावला.

ठकी आली. बापाचा आवाज नाही म्हणून गप्प झाली. मी म्हटलं, “ठके, मी आजी.” मग मी म्हटलं, आज इथे ऊन चांगलं आहे, बाबा कामाला गेलाय, खालच्या मजल्यावर रंग देतायत म्हणून जिन्यात वास येतो. तिला काय कळणार. मग ती म्हणाली ते तीन शब्द, शेवटचा वर.

मी म्हटलं, “जा.” तिच्या भाषेतलं. घशातून, नीट.

मला वाटलं आता फोन बंद होणार. झाला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती हसली, आणि बोलू लागली. इतकी बोलली. चार वर्षांत माझ्याशी एकदाही बोलली नव्हती इतकी. भराभर, मध्येच थांबून, पुन्हा सुरू. मध्ये एकदा ‘आजी’ म्हणाली, आपल्यातलं ‘आजी’. तिला वाटलं असणार, आजीला आता आपली भाषा येते. शेवटी काहीतरी विचारलं. आवाज वर गेला, पण ते तीन शब्द नव्हते, वेगळेच होते, लांब होते. आणि ती थांबली. माझ्या उत्तरासाठी थांबली.

मी म्हटलं, “ठके, अगं थांब, मला...” पण ते आपल्या भाषेत, तिला काय. तिने पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सोडवून, लहान मुलाला विचारावं तसं.

मला एकच शब्द येत होता. काहीच बोललं नाही तर तिला वाटेल आजीने ऐकलंच नाही. म्हणून मी तो म्हटला.

ती जरा वेळ होती. मग गेली.

संध्याकाळी मुलगा आला. बूट काढता काढता म्हणाला, “लावलास फोन?”

“लावला.”

“काय म्हणाली?”

मी म्हटलं, “खूप बोलली. किती तरी वेळ. हसली. मला आजी म्हणाली, काहीतरी विचारत होती, दोन-दोनदा विचारलं.”

तो बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग जवळ येऊन त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “आई, राहू दे ना आता. असं गोड गोड रचून सांगणं आपण बंद केलंय ना.”